बाभळीला टेकलेली जीप

तेर,
१० फेब्रुवारी २०२५

गफार, रामराम.

परवा तुला फोन केला होता. दानियालनं उचलला. म्हणला, "काका, अब्बांना फोनवर आता काईच ऐकू येत न्हाय. मला सांगा, मी त्यांना सांगतो." आता तुझ्या पोराला मधी घालून तुझ्याशी बोलायचं म्हंजे दुभाषा ठिवून भांडल्यासारखं. मोबाईलवर लिहायला गेलो तर माझं बोट एका टायमाला तीन अक्षरं दाबतंय. म्हणून पोस्टात गेलो आन् आंतर्देशीय पत्र मागितलं. त्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय म्या निजामाचं नाणं पुढं केलं.

खबर अशी की माझ्या प्रेमच्या पोरीचं, आपल्या वर्षाराणीचं लगीन ठरलं. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, इथं तेरलाच. पावणे तुमच्या परंड्याच्या पल्याडचे. माणसं बरी हायत. पोरीनं काय मागितलं न्हाय, आजापुढं एकच हट्ट धरलाय. म्हणती, "माझी पाठवणी आप्पाच्या जीपमधून करायची." प्रेमला ते पटलेलं न्हाय. त्याच्या खताच्या दुकानावर येणाऱ्या कुणाची तरी पांढरी गाडी हाय, ती फुलं लावून आणायची त्याची इच्छा. जीप त्यानं इकायलाच काढलीय. गिऱ्हाईकबी येऊन बघून गेलं.

म्या मनावर घेतलं. धाराशिवच्या पेंटरकडं जीप नेली, पार खालपासून वरपर्यंत लाल रंग मारून आणला. अशी दिसती की तुझी बानूवहिनी म्हणली, "नवरी कोण हाय नेमकी?" पण गफार, रंग मारून आणल्यापासून तिच्या अंगात जीवच न्हाय. चावी फिरवली की टुक् करती आन् गप्प. हॉर्न दाबला तर शेरडू वरडल्यागत आवाज येतो. कधी दिवे लागतात, कधी न्हाय. कधी एकदम झकास, जसं काय झालंच न्हाय. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. गावात आता जो वायरमन हाय तो म्हणतो, सगळी वायरिंग काढून नवी टाकू. ती वायरिंग तू केलीयस. तुला इचारल्याबिगर म्या तिला हात लावू देणार न्हाय.

हुसेनभाभीला नमस्कार.

तुझा,
लिंबाजी

•

परंडा,
१७ फेब्रुवारी २०२५

लिंबाजी, सलाम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातच बसलो होतो. पोस्टमन दोनदा हाक मारून गेला म्हणे. तिसऱ्यांदा त्यानं पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. सहा वर्षं झाली तेर सोडून, पण तुझं अक्षर बघितलं आन् स्टँडसमोरचं माझं दुकान डोळ्यांपुढं उभं राहिलं. तू सकाळी पयली ट्रिप भरायचास. "धाराशिव, धाराशिव, धाराशिव!" बसायला नऊ माणसं, बसलेली पंधरा, आन् मागं लटकलेली मोजायची न्हाय. तुझा आवाज ऐकला की मी शटर उघडायचो.

वर्षाराणीला माझी दुआ सांग. एवढीशी होती, दुकानात येऊन जुने बल्ब मागायची, बाहुलीचं घर करायला.

आता कामाचं. काहीएक विकत घेऊ नकोस. बॅटरी नवी टाकलीस ती विनाकारण. आजार कुठं हाय ते कळल्याशिवाय औषध द्यायचं न्हाय. बॅटरीची दोन्ही टोकं सोड, गरम पाण्यात सोडा टाकून धू, पॉलिश पेपरनं घास, चकाकली पाहिजेत. मग आवळून बसव. त्याच्यानंतर एक कर. पुढचे दिवे लाव, वहिनीला गाडीपुढं उभं कर, आन् सेल्फ मार. दिवे हळूहळू मंद झाले तर बॅटरीत दम न्हाय. फुंकर मारल्यासारखे एकदम गेले, तर कुठंतरी जोड सैल हाय. पूर्वी मी हे नुसतं सेल्फचा आवाज ऐकून सांगायचो. आता तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो.

माझ्या वायरिंगला त्या माणसाला हात लावू देऊ नकोस.

गफार

•

तेर,
१ मार्च २०२५

गफार, रामराम.

तू सांगितलं तसं सगळं केलं. बानूला पुढं उभी केली. ती म्हणली, "एकदम गेले. डोळा मिटल्यागत." म्हंजे जोड सैल. टोकं घासून लखलखीत केली आन् काय सांगू, पयल्या चावीला सुरू! चार दिवस गाडी घोड्यासारखी चालली. म्या वर्षाराणीला बसवून तेरणेच्या पुलापर्यंत नेऊन आणली. तिला सांगितलं, ह्याच सीटवर तुझ्या आजीला पयल्यांदा तुळजापूरला नेली होती. ती सबंध वाट दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती, आन् देवळात गेल्यावर आईपुढं पयलं काय मागितलं असंल तर "परतीला एसटी मिळू दे."

पण आता पुन्हा बिघडलंय. परवा दुपारी ढोकीच्या रस्त्याला एकटाच निघालो होतो. वाऱ्यासारखी चालली होती. आन् एकाएकी सगळं बंद. अंधारच. दिवे न्हाय, काटा न्हाय, हॉर्न न्हाय, इंजिनबी बंद. गाडी आपोआप रस्त्याच्या कडंला गेली आन् बाभळीला टेकली. जास्त काय न्हाय, बंपरला जरासं लागलं, रंग गेला. तिथं शेळ्या राखणाऱ्या माणसानं मला पाणी दिलं, ढकलायला मदत केली. ढकलून सुरू केली, घरी आणली. रंग म्याच लावून टाकला. बानूला काय बोललो न्हाय, तूबी भाभीला बोलू नको, त्या दोघी मोबाईलवर बोलत असतात.

आता काय करू ते सांग. दिवस जवळ येत चाललेत. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं होतं.

लिंबाजी

•

परंडा,
८ मार्च २०२५

लिंबाजी, सलाम.

रोजे सुरू हायत. तोंडाला कोरड हाय, पण लिहायला पाणी लागत न्हाय.

पयला तुझ्या जीपचा आजार सांगतो. मला तो तुझ्या पयल्याच पत्रात दिसायला पाहिजे होता. तू लिहिलंस, "पार खालपासून वरपर्यंत रंग मारला." बॅटरीच्या उण्या टोकाकडून एक चपटी, विणलेली पट्टी निघते आन् चासीला बोल्टानं बसते. तशीच दुसरी इंजिनाकडून चासीला. त्याला आपण अर्थ म्हणतो. करंट बॅटरीतून निघतो, काम करतो, आन् ह्या पट्टीतून घरी परत येतो. परतीची वाटच बंद झाली तर तो निघणार कसा? पेंटरनं ती पट्टी सोडून, खाली रंग मारून, वर परत बसवली असणार. लोखंड लोखंडाला लागलंच न्हाय, मधी रंग हाय. कधी धक्क्यानं टेकतं, कधी सुटतं. म्हणून तुझं कधी झकास, कधी टुक्.

खात्री करायची तर एक जाड वायर घे, एक टोक बॅटरीच्या उण्याला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला घट्ट धर. गाडी न्यूट्रलमधी ठेव आन् सेल्फ मारायला सांग. गरगर फिरला, तर चोर सापडला. मग पट्टी सोडायची, खालचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा, आवळायची, वर ग्रीस. संपलं.

आता दुसरी गोष्ट. ही मी तीन वेळा लिहिली आन् तीन वेळा फाडली.

आपली बॅटरी तुळजापुरात नवरात्रात चोरीला गेली होती, आठवतं? भक्तांची गाडी लावून आपण चहा प्यायला गेलो, आलो तर नुसता रिकामा डबा. तू कपाळाला हात लावून बसलास. मी म्हणालो, "वेड्या, डिझेलची गाडी हाय, हिला एकदा सुरू झाल्यावर बॅटरीचं काय काम?" चार पुजाऱ्यांनी मिळून ढकललं, गाडी सुरू झाली, आन् बॅटरीबिगर आपण हसत हसत तेरला आलो. वाटेत तू एकदाबी इंजिन बंद करू दिलं न्हाईस. ढाब्यावरबी चालू ठेवूनच जेवलो.

मग लिंबाजी, ढोकीच्या रस्त्याला दिवे गेले, काटा पडला, हॉर्न गेला, हे मी मानतो. पण इंजिन का बंद पडलं? ह्या जीपचं इंजिन बंद करायला दांडी ओढावी लागते. न्हायतर गाडी गिअरात असताना कशाला तरी अडून थांबावी लागते. मला एवढंच सांग. इंजिन बंद पडलं आन् मग गाडी बाभळीला टेकली? का गाडी बाभळीला टेकली, आन् मग इंजिन बंद पडलं?

आन् भर दुपारी अंधार कुठला रे?

पाणी कशाला पाजलं त्या माणसानं तुला?

गफार

•

तेर,
१७ मार्च २०२५

गफार,

तुला गाडीचं इचारलं होतं, माझं न्हाय. तू वायरमन हायस, डॉक्टर झाल्याचं मला म्हाईत नव्हतं. उन्हाचा दिवस होता, जरा गरगरलं, एवढंच. तुला कुणी काय कळवलं असंल तर ते खोटं हाय. अर्थचं बघतो.

लिंबाजी

•

परंडा,
२४ मार्च २०२५

लिंबाजी,

मला कुणी काही कळवलेलं न्हाय. तूच कळवलंस. तू दिव्यांचं लिहिलंस, मी इंजिनाचं वाचलं.

राग आलाय तर येऊ दे. पण तुला एक आठवण करून देतो. तेरला दुकान होतं तेव्हा मीबी असाच होतो. कान जायला लागले होते आन् मी सगळ्यांना सांगायचो, आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. गिऱ्हाईक म्हणायचं हॉर्न बघा, मी वायपर उघडून ठेवायचो. हुसेनबी एकच गोष्ट चारदा सांगायची, मी म्हणायचो, ऐकलं की! एक दिवस तू दुकानापुढं जीप मागं घेत होतास. मी पाठमोरा बसून कुणाच्या तरी स्कूटरची वायर जोडत होतो. तू हॉर्न दिलास, पुन्हा दिलास. मी हललोच न्हाय. जीप माझ्या पाठीपासून हातभर लांब थांबली. तू खाली उतरलास, मला बघितलंस, आन् निघून गेलास.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन तू हुसेनबीला म्हणालास, "भाभी, पार्ट आणायला सोलापूरला चाललोय, ह्याला नेतो." आन् मला थेट कानाच्या डॉक्टरपुढं नेऊन बसवलंस. मी चिडलो, तुला शिव्या दिल्या. येताना सबंध वाट तुझ्याशी बोललो न्हाय. तू मात्र बडबड करत होतास. मला त्यातलं निम्मंबी ऐकू येत न्हाय हे आता तुला म्हाईत होतं, तरी करत होतास.

मी तुझ्याइतका हुशार न्हाय. मी काही निमित्त काढून तिथं येऊ शकत न्हाय. म्हणून सरळ लिहितो. त्या जीपमधी मागं तुझी नात बसणार हाय. बाभळीच्या जागी दुसरं काही असलं तर?

वहिनीला सांग. आजच सांग.

ईदला तुझी वाट बघायची मला सवय हाय. ह्या वेळी गाडी चालवत येऊ नकोस. आलास तर एसटीनं ये.

गफार

•

तेर,
८ एप्रिल २०२५

गफार, रामराम.

ईदला आलो न्हाय. शीरखुर्मा चुकला. रागानं आलो न्हाय असं समजू नको. ऐक.

तुझं पत्र वाचून म्या दोन दिवस जीपकडं गेलोच न्हाय. तिसऱ्या दिवशी बानू ज्वारी निवडत बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसलो आन् सगळं सांगितलं. आधी बाभळीला टेकली, मग बंद पडली. डोळ्यांपुढं काळं झालं, हातपाय कुणी काढून नेल्यागत झालं. शुद्धीवर आलो तेव्हा तो शेळ्यावाला तोंडावर पाणी मारत होता. त्याच्या आधी एकदा न्हाणीतबी तसंच झालं होतं.

बानूनं सूप खाली ठेवलं न्हाय. नुसती म्हणली, "म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"न्हाणीतलं म्हाईत हाय. बादली पडल्याचा आवाज आला व्हता. बंपरचा रंगबी म्हाईत हाय. वाळला नव्हता तवा हात लागला माझा. मी वाट बघत हुते, कवा सांगताव म्हणून."

गफार, तवा माझ्या ध्यानात आलं. महिनाभर म्या कुठं निघालो की ती लगेच पदर खोचून यायची, मलाबी यायचंय म्हणायची. जी बाई जीपमधी बसायचं म्हणलं की देवाचं नाव घेती, ती खत आणायला, चक्कीला, कुठंबी संगं येत होती. मला वाटलं म्हातारपणी हिला फिरायची हौस आली. तुला सांगतो, इतक्या वर्षांत मला तिच्यापुढं एवढं लहान कधी वाटलं न्हाय, आन् एवढं बरंबी वाटलं न्हाय.

प्रेम धाराशिवला डॉक्टरकडं घेऊन गेला. साखरेच्या गोळ्या हायत ना मला, त्या म्या सकाळी उठल्या उठल्या घ्यायचो आन् न खाताच जीपपाशी जाऊन बसायचो. साखर पार तळाला जायची. डॉक्टरनं गोळी बदलली, खायचं टायमावर ठरवून दिलं. जिवाला धोका न्हाय म्हणले. पण गाडी चालवायची न्हाय. "काही महिन्यांनी बघू," म्हणले. डॉक्टर बघू म्हणला की काय ते मला कळतंय.

घरी आलो, चावी काढली आन् प्रेमच्या हातावर ठेवली. म्हणलं, "आता तुझी. ठेव न्हायतर इक." त्यानं चावी घेऊन खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणात जीपखालून त्याचे पाय बाहेर आलेले. तुझं पत्र त्यानं बानूकडनं मागून घेतलं होतं, अर्थचं असलेलं. म्या बाजूला खाट टाकून बसलो आन् त्याला वाचून दाखवलं. वायर धरायला लावली, सेल्फ मारला, गरगर फिरला! चोर सापडला म्हणून म्या असा वरडलो की शेजारची कुत्री भुंकली. मग त्यानं पट्टी सोडली. तू म्हणलास तेच, पट्टीखाली लाल रंगाचा थर. तो पान्याच्या टोकानं खरवडत बसला. लई वेळ झाला तरी बाहेर येईना. म्या म्हणलं, "काय रं, लोखंड लागलं का न्हाय?"

आतनं म्हणला, "आप्पा, कडंला लालच्या खाली निळा हाय."

तुला म्हाईत हाय, तो शाळेत होता तवा जीप निळी होती. पावसात ओढा भरला की म्या त्याला निळ्या जीपच्या टपावर बसवून शाळंत सोडायचो, आन् सबंध शाळा बघायला बाहेर यायची. तो खालून निघाला तवा त्याच्या नखांत निळा रंग होता. हात धुवायला गेला न्हाय. तसाच जीपमधी बसला, चावी मारली. पयल्या झटक्याला सुरू. दिवे असे लागले की उन्हातबी डोळे दिपावे. हॉर्न वाजवला तवा सिताबाई समोरच्या घरातनं बाहेर येऊन म्हणली, "सुटली का धाराशिवची?"

सांच्याला प्रेमनं त्या गिऱ्हाईकाला फोन करून सांगितलं, येऊ नका म्हणून.

वर्षाराणीला जीपमधूनच न्यायची. प्रेम चालवणार. तू लग्नाला ये. भाभीला घेऊन ये. दानियालला सांग, ज्या जीपनं हुसेनभाभीला दवाखान्यात येळंवर पोचवलं म्हणून तो जगात आला, त्या जीपला बघायला ये म्हणावं.

लिंबाजी

•

परंडा,
१५ एप्रिल २०२५

लिंबाजी, सलाम.

तुझं पत्र हुसेनबीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं होतं का बारीक, ते तिलाच म्हाईत. वहिनीचं वाचून ती हसली आन् मग डोळे पुसत बसली. म्हणाली, मीबी तुमचे कान गेलेले सहा महिने आधी ओळखले होते. ह्या दोघी काय आहेत ते आपल्याला कधी कळणार न्हाय.

पण आमचं येणं अवघड हाय. हुसेनबी अंगणात पाय घसरून पडली, पायाला प्लास्टर हाय. मी भाकरी थापतो, ती खाटेवर बसून चुका काढते. तिला टाकून येववत न्हाय. दानियाल आहेर घेऊन येईल.

तू लिहिलंस पावणे परंड्याच्या पल्याडचे. म्हंजे पाठवणीची गाडी आमच्या गावातूनच जाणार. मी रस्त्यावर रसवंतीपाशी खुर्ची टाकून बसतो. थांबायला वेळ नसला तरी चालेल. नुसती जाताना दिसू दे.

गफार

•

परंडा,
९ मे २०२५

लिंबाजी, सलाम.

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, जमलं न्हाय. तुला काय दिसलं असेल ते तुझं. मला काय दिसलं ते लिहितो.

वर्‍हाड लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार असं दानियालनं कळवलं होतं. मी उजाडल्यापासून रसवंतीपाशी बसलो. हुसेनबीनंबी ऐकलं न्हाय, शेजारच्या फरहानाच्या खांद्याला धरून लंगडत आली, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून माझ्या बाजूला बसली. गाड्या येत होत्या, जात होत्या. दुपार झाली. रसवाल्यानं दोनदा रस पाजला.

मग लांबून दोन दिवे दिसले. भर उन्हात. मला वाटलं ॲम्बुलन्स हाय, कुणीतरी सीरियस असंल. बघतो तर लाल रंग दिसला, आन् झेंडूच्या माळा. लिंबाजी, त्या दुपारी सबंध रस्त्यावर दिवे लावून येणारी एकच गाडी होती. मला ऐकू येत न्हाय म्हणून तू लावायला सांगितलेस ना? दोन्ही सारखे होते. एकबी थरथरत नव्हता. मी उभा राहिलो. हुसेनबी माझा सदरा धरून ओढत होती की रस्त्यात जाऊ नका, पण मी गेलो.

प्रेम चालवत होता आन् तू डाव्या बाजूला. तुला त्या सीटवर मी आयुष्यात पयल्यांदा बघितलं. तू दाराचा दांडा धरून बसला होतास. रसवंतीवरची सगळी लोकं एकदम कानांवर हात ठेवून हसायला लागली, त्यावरनं मला कळलं की प्रेम हॉर्न वाजवतोय. थांबेचना. पोरांनी कान झाकले, बैल बिथरला, आन् मी तिथं मधोमध उभा, माझ्या भोवती नुसती शांतता.

गाडी थांबली. मी आधी तुम्हा कुणालाच भेटलो न्हाय, वाईट वाटून घेऊ नकोस. मी बॉनेटवर हात ठेवला. चारी सिलिंडर सारखे चालले होते. तळव्याला कळतं ते. आन् त्या दोन घटकांत मला माझं दुकान, शटर, तुझी सकाळची हाक, दानियालच्या वेळचं हुसेनबीचं कण्हणं, सगळं ऐकू आलं. कानानं न्हाय. पण आलं.

वर्षाराणी खाली उतरून पाया पडली. नवरदेव भला दिसतो, उन्हात तिच्या डोक्यावर रुमाल धरून उभा होता. बानूवहिनी आन् हुसेनबी एकमेकींना धरून काय बोलत होत्या देव जाणे, दोघी एकदमच बोलत होत्या. प्रेमनं बॉनेट उघडून मला ती पट्टी दाखवली. चांगली आवळलीय. ग्रीस जरा जास्त लावलंय, पण राहू दे.

मग तू आलास. माझे दोन्ही हात हातात घेतलेस आन् बोलायला लागलास. बराच वेळ बोललास. मधी एकदा हसलास, मग डोळ्यांतनं पाणी आलं, मग पुन्हा काहीतरी सांगितलंस, रस्त्याकडं हात केलास, माझ्या खांद्यावर थोपटलंस. मी मान हलवत होतो. व्हय, व्हय म्हणत होतो. तू समाधानानं जाऊन डाव्या सीटवर बसलास आन् तुम्ही गेलात. वळणापर्यंत दिवे दिसत होते.

लिंबाजी, मला एक अक्षर ऐकू आलं न्हाय. काय म्हणालास ते लिहून कळव.

गफार